उंबरठ्याच्या आत गेलेलं संशोधन

नवजात बाळाचं वजन आणि सत्तरीतल्या बाईची उदासी या दोन गोष्टी आपल्या आरोग्यखात्यात एका टेबलावर कधीच येत नाहीत. बाळासाठी अंगणवाडी, लसीकरणाचं कार्ड, माता-बालसंगोपनाचा विभाग. वृद्धांसाठी २०१० साली सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम, रक्तदाब-मधुमेहाची तपासणी आणि श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे पैसे. संशोधनाचीही अशीच वाटणी झाली. बालआरोग्याचे अभ्यासक वजनकाटा आणि उंचीची पट्टी घेऊन हिंडले, वार्धक्याचे अभ्यासक प्रश्नावल्या घेऊन. एकाच घरी दोघं जाऊन आले तरी त्यांची गाठ पडली नाही.

महाराष्ट्रात आणि गोव्यात गेल्या पन्नास वर्षांत या दोन्ही वयांवर झालेलं काम सलग वाचत गेलं की मात्र एक गोष्ट ठळक होते. लहान मूल असो की म्हातारं माणूस, जे उपाय काटेकोर चाचणीत खरे उतरले त्यांतल्या बहुतेकांच्या केंद्रस्थानी शिकवून तयार केलेलं, त्याच परिसरातलं आणि पुन्हा पुन्हा भेटायला येणारं माणूस आहे. औषध आणि आहार महत्त्वाचे आहेतच, पण ते घरात पोचतात आणि लागू पडतात ते या माणसाच्या हातून. हा धागा काही ठिकाणी तुटतोही, आणि ती ठिकाणंही तितक्याच काळजीनं पाहायला हवीत.

आधी या दोन वयांना जोडणारा पुरावा. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालयात १९३४ पासून जन्मणाऱ्या बाळांचं वजन, लांबी आणि डोक्याचा घेर वह्यांत लिहून ठेवला जात होता. काही दशकांनी संशोधकांनी त्या वह्या उघडल्या आणि तिथे जन्मलेली, आता प्रौढ झालेली माणसं शहरात शोधून काढली. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा, की जन्मताना अडीच किलो किंवा त्याहून कमी भरलेल्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण ११ टक्के होतं, तर तीन किलोंहून चांगल्या वजनानं जन्मलेल्यांमध्ये ३ टक्के. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी जुन्या जन्मनोंदींवरून हेच म्हटलं होतं. म्हैसूरनं ते भारतीय शरीरांवर दाखवलं.

पुण्याचं काम याहून खोल गेलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे डॉक्टर. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतला मधुमेही वयस्क आणि जाड असे. त्यांच्याकडे येणारे रुग्ण तरुण असत आणि पुष्कळदा सडपातळही. हे असं का, याचा शोध घेत ते गर्भापर्यंत मागे गेले. साउदम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांच्यासह १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत माता-पोषण अभ्यास सुरू झाला. त्याची खरी ताकद अशी, की स्त्रिया गरोदर राहण्याच्या आधीपासून त्यांच्याशी संपर्क होता. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीची तारीख विचारत, त्यामुळे गर्भधारणा अगदी सुरुवातीलाच कळे. आपल्याकडे सासुरवाशिणीला दर महिन्याला हा प्रश्न विचारता येणं, आणि वर्षानुवर्षं त्याचं खरं उत्तर मिळत राहणं, याला किती विश्वास लागत असेल! शोधनिबंधांत हा भाग एका ओळीत संपतो. माझ्या मते पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

त्या गावांतल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं. साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. वरून बारीक, आतून चरबी राखलेलं असं हे बाळ. हाच बांधा मोठेपणीही राहतो हे सांगणारी एक जोडी वैद्यकात प्रसिद्ध आहे. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच होता, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

आयांच्या आहाराबद्दलचा निष्कर्ष त्या काळच्या समजुतींना धक्का देणारा होता. एकूण उष्मांक किंवा प्रथिनं किती खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांचा दिसला. गरोदरपणात पाणी भरणं, कपडे धुणं, शेतातली कामं असे कष्ट ज्यांना जास्त पडले त्यांची बाळं लहान होती. सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासलं, तेव्हा ज्यांच्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं त्या मुलांमध्ये इन्सुलिनला शरीर दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. सरकारी दवाखान्यातून गरोदर बाईला लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी मिळते. बी-१२ तीत नसतं. याच मुलामुलींना किशोरवयात बी-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो हे पाहणारी चाचणी २०१२ मध्ये सुरू झाली. संशोधक एका वाडीवस्तीशी वीस-तीस वर्षं बांधून घेतात तेव्हाच असे प्रश्न विचारता येतात.

मग आईला चांगलं खायला दिलं की प्रश्न सुटला का? मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी ६,५१३ स्त्रियांवर हेच करून पाहिलं. पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला रोजचा खाऊ, गरोदर राहण्याच्या आधीपासून, समोर बसवून खायला घालायचा. २०१४ मध्ये निकाल आला. सरसकट पाहिलं तर बाळांच्या वजनात ठोस फरक नव्हता. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू झालेल्यांमध्ये सरासरी ४८ ग्रॅमची वाढ दिसली, पण सर्वांत हडकुळ्या आयांच्या बाळांना तीही मिळाली नाही. दुसरीकडे गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण तुलनेच्या गटात १२.४ टक्के होतं, तर हा खाऊ मिळालेल्यांत ७.३ टक्के. हडकुळ्या आईबद्दलचा निष्कर्ष वाचून मन जड होतं. तिच्या लहानपणापासूनची उपासमार काही महिन्यांच्या खाऊनं भरून निघत नाही, असा त्याचा मला लागणारा अर्थ आहे. तसं असेल तर मुलाच्या कल्याणाचा कार्यक्रम मुलीच्या जन्मापासून मोजायला हवा.

आता उपायांकडे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. त्यांत दलित बायका होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. या कामाची कीर्ती जगभर झाली, पण मोजमाप बरंच उशिरा झालं. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या तुलनेत प्रकल्पाच्या गावांत पहिला महिना ओलांडलेल्या, पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका आसपासच्या गावांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी निघाला.

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सुरुवातच मोजण्यापासून केली. १९९३ ते १९९८ या काळातली त्यांची चाचणी ३९ गावांत झाली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली होती. नवजात मुलं का मरतात हे आधी दोन वर्षं नुसतं नोंदवलं. जंतुदोष, जन्मताना गुदमरणं, कमी दिवसांचं आणि कमी वजनाचं बाळ, अंग गार पडणं. मग गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळंतपणाच्या वेळी त्या हजर राहत, बाळ रडलं नाही तर श्वास देत, गुंडाळून ऊब देत, अंगावर पाजायला मदत करत आणि पहिले अठ्ठावीस दिवस पुन्हा पुन्हा येऊन पाहत. जंतुदोषाची ठरलेली लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत. या इंजेक्शनवरून डॉक्टरमंडळींत मोठा वाद झाला. आकडे मात्र स्पष्ट होते. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत, उपचार सुरू झाल्यावर २.८ टक्के. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला आणि २०११ मध्ये घरोघरच्या नवजात बालसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आशा कार्यकर्तींच्या हाती आला. त्यात इंजेक्शन मात्र आशाच्या हातात दिलं गेलं नाही. माझ्या मते या उपायाचा एक धारदार भाग तिथे गळला.

हा धागा कुठे टिकतो आणि कुठे तुटतो हे दाखवणाऱ्या दोन चाचण्या अशा. झारखंड-ओडिशात ‘एकजुट’ संस्थेनं घरभेटींऐवजी बायकांचे महिन्याचे गट भरवले. बाळंतपणातल्या अडचणींवर बोलणं, उपाय गटानंच ठरवणं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ४५ टक्के घटले. हाच विचार घेऊन मुंबईच्या ४८ झोपडवस्त्यांत ‘स्नेहा’ संस्थेनं चाचणी केली. २०१२ मध्ये निकाल आला आणि मृत्युदरात फरक दिसला नाही. मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीच रुग्णालयात होत होती, आणि रुग्णालयाच्या आत मिळणाऱ्या सेवेचा दर्जा बायकांच्या गटाला बदलता येत नाही. माणसं नेमली की झालं असं कुणी समजू नये, म्हणून हा निकाल प्रत्येक योजनाकारानं वाचावा. ‘स्नेहा’नं तो लपवला नाही, सविस्तर छापला, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

राज्यपातळीवर काय झालं? मेळघाटातल्या बालमृत्यूंनी आणि ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं उठलेल्या काहुरानंतर २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. पर्यवेक्षिका आणि अंगणवाडी सेविकांची रिकामी पदं भरणं, गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर लक्ष देणं, वजनं खरी नोंदवली म्हणून कुणाला शिक्षा न करणं, अशी साधी पण अवघड कामं त्यानं हाती घेतली. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण ३९ टक्के होतं. २०१२ च्या राज्यव्यापी पाहणीत ते २३ टक्क्यांच्या आसपास आलं. इतक्या कमी वर्षांत अशी घट क्वचितच दिसते. मग वेग थांबला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांचं खुजेपण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के, २०१५-१६ मध्ये ३४.४ आणि २०१९-२१ मध्ये ३५.२. उंचीच्या मानानं वजन कमी असलेली मुलं शेवटच्या दोन्ही पाहण्यांत २५.६ टक्के, म्हणजे चारात एक. महाराष्ट्रासारख्या श्रीमंत राज्याला हे शोभत नाही.

रक्तक्षयाचे आकडे वाचताना मात्र थांबावं. राज्यातल्या मुलांमध्ये तो ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेल्याचं पाहणी सांगते. बोटाला टोचून काढलेल्या थेंबावरचं हे मोजमाप. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत शिरेतून रक्त काढलं तेव्हा देशभरातल्या एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये रक्तक्षय ४१ टक्क्यांच्या आसपास निघाला. बोटाच्या थेंबावरून त्याच सुमारास देशाचा आकडा ५८ टक्क्यांवर होता. म्हणून पंधरा टक्क्यांची ही उडी सगळी खरी मानायला मी तयार नाही, आणि ती सगळी खोटी ठरवणंही घातक होईल.

वृद्धांकडे वळलं की पुराव्याचा साठा एकदम कमी होतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली ९.९ टक्के माणसं साठीच्या पुढची होती, देशात ८.६ टक्के. एवढी माणसं कशी जगतात याचं मोठं चित्र मिळालं ते २०१७-१८ मध्ये, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं केलेल्या ‘लासी’ या पाहणीतून. पंचेचाळिशीच्या पुढची बहात्तर हजारांहून अधिक माणसं तिच्यात आहेत आणि त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जायचं अशी तिची आखणी आहे. साठीपुढच्या चारांपैकी तिघांना एक तरी जुनाट आजार होता. मला सर्वांत बोलका वाटतो तो नैराश्याचा आकडा. प्रमाणित प्रश्नावलीनुसार साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांना गंभीर नैराश्य असण्याची शक्यता. डॉक्टरनं तसं निदान केल्याचं सांगणारे ०.८ टक्के. म्हणजे दहातल्या नऊ जणांचं दुःख ‘वय झालं’ या दोन शब्दांत गुंडाळलं गेलं.

पुण्याजवळच्या वढू परिसरात २२ गावांतल्या घरांची नियमित नोंद ठेवली जाते. तिथे पन्नाशीपुढच्या माणसांना विचारलं होतं, तुमची तब्येत कशी आहे? ‘वाईट’ म्हणणाऱ्यांचा पुढच्या वर्षांतला मृत्यूचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त निघाला, वय आणि आजार हिशेबात धरूनही. आजी ‘बरं वाटत नाही रे’ म्हणते तेव्हा ती माहिती देत असते.

उपायांच्या बाबतीत गोवा पुढे आहे. वृद्धांच्या स्मृतिभ्रंशावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचं नावच ‘१०/६६’ आहे: दोन तृतीयांश रुग्ण विकसनशील देशांत आणि संशोधनाचा दहावा हिस्साही त्यांच्यावर नाही. या गटाशी जोडलेले डॉ. अमित डायस आणि ‘संगाथ’ संस्था यांनी २००८ मध्ये एका चाचणीचा निकाल मांडला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची काळजी घेणारी ८१ कुटुंबं. साधं शिक्षण असलेल्या पण प्रशिक्षित सल्लागार घरी जाऊन आजार समजावत, आंघोळ-जेवणातल्या अडचणींवर तोड सुचवत, ऐकून घेत. रुग्णाच्या क्षमतेत ठोस सुधारणा झाली नाही. सांभाळणाऱ्याचं, म्हणजे बहुधा सुनेचं, लेकीचं किंवा बायकोचं मन मात्र सावरलं. हा निकाल छोटा नाही. घरातल्या वृद्धाचं बरं असणं सांभाळणारीच्या बरं असण्यावर टेकलेलं असतं, हे इथे मोजून दाखवलं गेलं.

गोव्यातल्याच दुसऱ्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला. अजून पूर्ण नैराश्यात न गेलेली पण त्या कडेला आलेली साठीपुढची १८१ माणसं. डॉक्टर नसलेले प्रशिक्षित समुपदेशक त्यांच्यासोबत बसून रोजच्या अडचणी एकेक करून सोडवायला शिकवत, झोपेची घडी बसवत, मधुमेह असेल तर त्याची काळजी आणि सरकारी योजनेचा अर्ज भरायलाही मदत करत. वर्षाअखेर या गटातल्या ४.४ टक्के लोकांना नैराश्य आलं. नेहमीची सेवा मिळालेल्यांत १४.४ टक्के. अर्ज भरायची मदत हा मनाच्या उपचाराचा भाग धरला गेला, ही मला या चाचणीतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. पेन्शन अडकलेल्या माणसाला चांगले विचार करायला सांगणं क्रूर आहे.

आणि ही दोन वयं एकाच छपराखाली असतात तेव्हा? बीड, अहिल्यानगर, जालना इथल्या कितीतरी वाड्यांत दिवाळीच्या सुमारास तरुण जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांच्या फडांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान मुलं आईबरोबर कोपीत राहतात. तिथे ना अंगणवाडी ना वजनाची नोंद. शाळेतली मुलं गावी ठेवली तर ती आजी-आजोबांकडे. सरकारनं हंगामी वसतिगृहांची योजना केली, पण मूल निजतं ते आजीजवळच. पाठीत वाक आलेली, डोळ्यांत मोतीबिंदू असलेली बाई सहा महिने दोन-तीन नातवंडांची आई होते.

या घराकडे आपल्या पाहण्या कशा बघतात? कुटुंब आरोग्य पाहणी सविस्तर मुलाखत घेते ती ४९ वर्षांपर्यंतच्या बाईची आणि उंची-वजन मोजते पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचं. आजी वयानं त्याच्या पुढे गेलेली, सहा वर्षांचा नातूही. ‘लासी’ आजीला भेटते, नातवाचं वजन घेत नाही. तिच्या उदासीचा त्याच्या जेवणाशी काय संबंध, तो जवळ असल्यानं ती थकते की तगते, हे आपल्याला आकड्यांत सांगता येत नाही. खरं तर असा अभ्यास शून्यापासून सुरू करावा लागणार नाही. पुण्याच्या सहा गावांतल्या १९९३ च्या तरुण आया आता पन्नाशी ओलांडून आज्या होत आहेत, त्यांची मुलं आईबाप होत आहेत. तीन पिढ्यांची घरं माहितीची आहेत, विश्वास कमावलेला आहे. प्रश्न विचारण्याची चौकट तेवढी मुलाची किंवा वृद्धाची न ठेवता घराची करायला हवी.

अडचण आहे ती हे काम करणाऱ्या बाईची. गडचिरोलीतल्या आरोग्यदूत एका गावात एकच काम जीव लावून करत. गोव्यातल्या समुपदेशकांच्या पाठीशी नियमित देखरेख होती. आज एकच आशा नवजात बाळाकडे जाते, लसीकरणाला मुलं गोळा करते, क्षयाचे रुग्ण शोधते, तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब-मधुमेहाच्या जोखमीचा तक्ता भरते आणि वृद्धांची यादीही तिच्याचकडे. राष्ट्रीय नियमांप्रमाणे बाळाच्या बेचाळीस दिवसांतल्या सगळ्या भेटी पूर्ण केल्या तर तिला २५० रुपये. जोखमीच्या एका तक्त्याला १० रुपये. सत्तरीतल्या एकट्या बाईजवळ अर्धा तास बसून तिचं ऐकून घेण्यालाही नवजात बाळाच्या भेटीसारखा स्वतंत्र दर हवा, आणि तो मागण्याइतका पुरावा गोव्यानं आपल्या हाती ठेवला आहे.